दुसऱ्या व्हायोलिनला पाच स्टार, हॉलला दोन

आधीच सांगतो, ग्रुपचं नाव लिहिणार नाही आणि हॉलचं तर नाहीच. ग्रुपबद्दल सगळं चांगलंच लिहायचंय, पण त्यांचं नाव टाकलं की हॉल कुठला ते लगेच कळेल, आयोजक ओळखीतले आहेत, उद्या नागपुरात सेमिनरी हिल्सला मॉर्निंग वॉकमध्ये समोर येतात. तर एवढंच पुरे की सिव्हिल लाइन्सच्या बाजूचा मध्यम साइझचा हॉल, फेब्रुवारीतला रविवार, तिकीट ३०० रुपये, आणि युरोपातून आलेले चौघं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठी, खालच्या सुराची), एक चेलो (त्याहून मोठा, बसून समोर उभा धरून वाजवायचा). म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट.

माझं क्वालिफिकेशन विचाराल तर लहानपणी धरमपेठेत ६ वर्षं व्हायोलिन शिकलो, आपल्या पद्धतीचं, मांडी घालून, व्हायोलिनची मान पायावर टेकवून. पुढे इंजिनिअरिंग आणि व्हायोलिन कपाटावर. वेस्टर्न क्लासिकल नुसतं यूट्यूबवर ऐकलेलं, समोर बसून कधीच नाही. सोबत मामा होते. मामा वीज मंडळातून रिटायर, भजनी मंडळात तबला वाजवतात, साठ वर्षं हात चालूच आहे. त्यांना यायला तयार करायलाच दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं की मामा, आशाताईंनी असल्याच एका चौघांच्या ग्रुपसोबत, क्रोनोस क्वार्टेट नावाचे अमेरिकेतले लोक आहेत, त्यांच्यासोबत पंचमदांच्या गाण्यांचा आख्खा अल्बम केलाय २००५ मध्ये. मग म्हणाले, "आशाबाई बसल्या असतील तर काहीतरी असंन."

प्रोग्राम साडेसहाचा, सुरू झाला सव्वासातला. दीपप्रज्वलन, तीन भाषणं, एका भाषणात "संगीताला भाषा नसते" हे वाक्य दोनदा, मग शाल आणि श्रीफळ. चेलोवाली बाई चौघांत सगळ्यात बुटकी, तिला एका हातात चेलो सांभाळायचा आणि दुसऱ्या हातात नारळ, तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि नारळ शांतपणे खुर्चीखाली ठेवून दिला. प्रोग्राम संपेपर्यंत तो तिथंच होता.

चौघं बसले. अर्धगोल, एकमेकांकडे तोंड करून, आपल्याकडे अर्धवट. मामांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "तबला नाही, ते छडी घेऊन उभं राहणारं कोणी नाही. मंग ठेका कोण धरून राहिलं बे?" मी म्हटलं ऐका तर खरं. पण तो प्रश्न डोक्यात बसला आणि मी पूर्ण दोन तास तोच शोधत बसलो, त्यामुळे हा रिव्ह्यू म्हणजे थोडंफार मामांच्या प्रश्नाचं उत्तर समजा.

पहिलं हायडन या संगीतकाराचं, ओपस ३३ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा नंबर) मधलं दुसरं, १७८१ सालचं. चौघांसाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. याला जोक क्वार्टेट म्हणतात, का ते पुढे सांगतो. सुरुवात पाहण्यासारखी. कोणी एक-दोन-तीन म्हणत नाही, मान पण हलवत नाही फारशी. पहिली व्हायोलिनवाली, हिरव्या कपड्यातली उंच बाई, तिनं नाकानं श्वास ओढला, तिसऱ्या रांगेत ऐकू आला एवढा, आणि चारही गज एकाच क्षणी तारेवर टेकले. आणि नुसती वेळच नाही, टेकण्याची जात पण एकच. म्हणजे तिच्या त्या श्वासातच लय किती, आवाज किती, गज मऊ लावायचा की चावून, सगळं होतं. आपल्याकडे समेवर येण्याची मजा असते, इथं समेवरून निघण्याची होती.

सुरुवातीला मी पण सगळ्यांसारखं पहिल्या व्हायोलिनकडेच पाहत होतो, धून तिच्याकडे होती ना. पाचेक मिनिटांनी लक्षात आलं की ती एखाद्या वाक्याच्या शेवटी थोडी रेंगाळते, मजेत, आणि तरी काहीच पडत नाही. का पडत नाही? तर तिच्या बाजूला दुसऱ्या व्हायोलिनवर पन्नाशीचा टकला चष्मेवाला माणूस, काळा शर्ट, चेहऱ्यावर बँकेच्या कॅशिअरचा भाव, तो नुसतं टुक टुक टुक एकच सूर वाजवत बसला होता. त्या टुक टुकमध्ये सगळी कारागिरी. ती रेंगाळली की याचा एक टुक केसभर लांब व्हायचा, ती पळाली की पुढचा केसभर आखूड, आणि व्हायोलावाला दाढीवाला लगेच त्याच्यासारखंच करायचा, दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. मामांच्या गुडघ्यावरची बोटं थांबली. तबलजीला हे लगेच कळतं. म्हणाले, "हा चष्मेवाला आहे."

आपल्या साथीत आणि यात एक फरक आहे. पेटीवाला गायकाच्या मागून येतो, अर्धा क्षण मागे, सावलीसारखा, आणि त्याची गंमतच त्यात असते कारण गायक काय घेणार हे आधी ठरलेलं नसतं. इथं सूर सगळ्यांचे लिहून ठेवलेले, मग मागून यायचं कारणच नाही, चौघांना एकाच वेळी तिथं असावं लागतं. पण लिहिलेले असतात फक्त सूर. किती रेंगाळायचं, एखादा सूर किती दाबायचा, कोणी कोणाला जागा द्यायची, हे त्या क्षणाला ठरत असतं आणि चौघंही ते ठरवतात. मला वाटायचं की वेस्टर्नवाले म्हणजे कागद पाहून वाजवणारे. कागद पाहतच होते, तिघांकडे आयपॅड आणि पायाखाली पान उलटायचं पॅडल, फक्त चष्मेवाल्याकडे खरा कागद, पेन्सिलीनं गिचमिड केलेला आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावलेले. पण डोळे कागदावर आणि कान शेजाऱ्याच्या गजावर, असं चाललं होतं.

दुसऱ्या भागात, त्याला स्केर्झो म्हणतात, मधेच एक जागा येते जिथं व्हायोलिन चक्क घसरत जाते, सुरावरून सुरावर एकाच बोटानं. हायडननं तिथं बोटंच लिहून ठेवलीत म्हणे, की घसरलंच पाहिजे. मामा एकदम, "मींड घेतली ना!" पुढच्या रांगेतल्या काकूंनी वळून पाहिलं.

मग तिसरा, संथ भाग. तो व्हायोलिननं सुरूच होत नाही, व्हायोला आणि चेलो दोघंच बोलतात, खालच्या सुरात, व्हायोलिनवाले दोघं गज मांडीवर ठेवून ऐकतात, मग तेच बोलणं ते उचलतात. या भागात शेवटाकडे एक कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजलेले वेगवेगळे सूर, आला, चौघांचा मिळून, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. का ते सांगतो, हे लिहायलाच बसलोय खरं तर. तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कोणी वाजवलेला नसतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. पेटीचा आणि पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा चढा असतो, १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सातवा भाग, कारण पेटीला सगळ्या पट्ट्यांत चालवून घ्यायचं असतं. पण व्हायोलिन-चेलोला पडदे नसतात, बोट कुठंही ठेवता येतं. तर चेलोनं खालचा सा धरला, व्हायोलानं प, आणि गंधार होता त्या चष्मेवाल्याकडे, आणि त्यानं वाजवता वाजवता बोट एवढंसं, म्हणजे मला दिसलं नाही पण ऐकू आलं, खाली सरकवलं. आणि तो कॉर्ड बसला. दार फ्रेममध्ये बसतं तसा खट्. चार वाद्यांचा आवाज एकदम मोठा झाला, जोर कोणीच लावला नव्हता. तो गंधार शिकवण्यात माझ्या सरांनी एक आख्खं वर्ष घालवलं होतं आणि मी कंटाळून रडायचो.

आता जोक. शेवटचा भाग एकदम फास्ट, संपतो असं वाटतं, थांबतात, मधेच चार ओळी संथ, मग परत धून, पण तुकड्या-तुकड्यांत. एक तुकडा, गप्प. दुसरा तुकडा, गप्प. आपलं पब्लिक पहिल्या गप्पलाच टाळ्या. चौघं वाजवायला लागले, पब्लिक चूप. परत गप्प, परत टाळ्या, या वेळी थोड्या कमी आणि लाजत. मग एक खूप मोठी गप्प, आता संपलं म्हणून अर्धा हॉल जोरात टाळ्या, दोघं तर उभे पण राहिले, आणि या चौघांनी हळूच पहिलाच तुकडा परत वाजवला, प्रश्न विचारल्यासारखा, आणि संपलं. आता टाळ्या वाजवायची कोणाची हिंमत नाही. चष्मेवाला पहिल्यांदा हसला. १७८१ चा जोक २४० वर्षांनंतर नागपुरात पूर्ण लागू पडला आणि कोणाला आधी सांगितलेलं नव्हतं म्हणून पडला. त्या तीन भाषणांत चुकून कोणी सांगितलं असतं तर वाट लागली असती, तेवढं तरी भाषणांचे आभार.

इथं हॉलची पहिली तक्रार. हे वाद्य माइकशिवाय ऐकायचं असतं आणि त्यांनी माइक नको सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. पण मागून कोणीतरी आवाज कमी येतोय म्हटलं असणार आणि साउंडवाल्या भाऊनं "थोडंसं" चढवून ठेवलं. परिणाम असा की चेलो डाव्या स्पीकरमधून येतोय आणि बाई बसलीय उजवीकडे. हायडन झाल्यावर चष्मेवाला उठला, स्टेजच्या कडेला गेला, साउंडवाल्याकडे पाहून हात जोडले, मग हातानं खाली-खाली केलं. साउंडवाल्याचं तोंड पडलं पण बंद केलं. आणि मग काय झालं सांगू, आख्खा हॉल पुढे झुकला. आवाज खरंच कमी झाला होता, पण खुर्च्यांची कुरकुर थांबली, वेफर्सची पाकिटं थांबली. मागच्या रांगेत बसलेला माझा मित्र म्हणाला की दोन मिनिटांत कान लागला, मग सगळं ऐकू येत होतं.

नंतर शोस्ताकोविच, सोव्हिएत रशियातला संगीतकार, त्याचं आठवं क्वार्टेट, जुलै १९६० मध्ये तीन दिवसांत लिहिलेलं, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनजवळ. ड्रेस्डेन युद्धात जळून बेचिराख झालेलं शहर. वर लिहिलंय फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना, पण आत त्याचं स्वतःचंच नाव आहे. जर्मन पद्धतीत सुरांची जी अक्षरं असतात त्यात त्याच्या नावाची चार अक्षरं बसतात, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर रे, कोमल ग, सा, आणि खालचा नी. एवढंच. चेलो एकटा सुरू करतो, मग व्हायोला, मग दुसरी व्हायोलिन, मग पहिली, एकामागून एक तेच चार सूर घेऊन आत येतात, आणि मधल्या जागा इतक्या अवघड की कोण कधी आत आलं हे कळतच नव्हतं, आवाज फक्त दाट होत गेला, डिसेंबरात अंबाझरीवर सकाळी धुकं दाटतं तसा. व्हायब्रॅटो, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवणं, जवळजवळ शून्य, चौघांचाही. हे ठरवल्याशिवाय होत नाही, कारण बोट हलवायची प्रत्येकाची सवय वेगळी असते, सहीसारखी, आणि चार सह्या एकाच हाताच्या वाटल्या पाहिजेत.

दुसरा भाग तर अंगावर येतो. गज तारेवर आपटत होते, पहिल्या बाईच्या गजाचे दोन केस तुटून लोंबत होते, ओरडून भांडणारी चार माणसं, पण भांडणातही कोणाचा शब्द कोणाच्या शब्दाखाली दबला नाही. चौथ्या भागात एक सूर लांब धरलेला आणि बाकीचे मिळून तीन ठोके मारतात. धाड धाड धाड. परत. कोणी म्हणतं बॉम्ब आहेत, कोणी म्हणतं रात्री दारावर आलेले पोलीस. मी ठोके मारणाऱ्यांचे हात पाहत होतो, तीन गज वर गेलेले, हवेत थांबलेले, आणि ते खाली कधी येणार हे कोणीच कोणाला खुणावत नव्हतं, आणि तिघांचं मिळून एकच धाड. मामा हळूच म्हणाले, "हे मोजून नाही होत." पाचही भाग न थांबता सलग, वीसेक मिनिटं, शेवट विझत जातो, एकदम बारीक. आणि त्या बारीक आवाजात काय ऐकू आलं, तर एसी. घर्र्र्र. दुसरी तक्रार. फेब्रुवारीत नागपुरात संध्याकाळी एसी लागतोच कशाला, आणि वर पंखे पण चालू.

इंटरव्हलबद्दल एकच, सांबारवडी गरम होती आणि चहा बरा होता. ४० रुपये प्लेट, तक्रार नाही.

दुसऱ्या हाफला आलो तर स्टेजवरचा गालिचा गायब. चेलोच्या खाली जी लोखंडी दांडी असते ती आधी त्या जाड लाल गालिच्यात रुतवलेली होती, आता सरळ लाकडी फळ्यांवर, घसरू नये म्हणून खुर्चीच्या पायाला एक पट्टा बांधून त्याच्यात अडकवलेली. फरक इतका की पहिला सूर ऐकून वाटलं चेलो बदलला. दांडीतून आवाज लाकडात उतरतो आणि आख्खं स्टेज थोडंफार वाद्यासारखं वाजतं, गालिचा ते सगळं गिळत होता. आयोजकांना विनंती, आपल्या बैठकीसाठी गालिचा घाला, यांच्यासाठी काढा.

तर ड्वोर्झाक. हे त्याचं अमेरिकन क्वार्टेट, ओपस ९६. माणूस बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला, न्यूयॉर्कला नोकरीला होता, १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या चेक लोकांच्या खेड्यात सुट्टीला गेला, ८ जूनला लिहायला घेतलं आणि २३ जूनला पूर्ण. घरच्यासारखी माणसं भेटल्याचा आनंद त्यात उतू जातो. आणि सुरुवातीची धून कोण वाजवतं? व्हायोला! ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो. ड्वोर्झाक स्वतः प्रागमध्ये थिएटरच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलाच वाजवायचा, आपल्या जातभाईला त्यानं पहिली ओळ दिली. दाढीवाला पहिल्यांदा थोडा पुढे सरकला आणि सुरू झाला आणि मी आणि मामांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं, कारण भूप. म वर्ज्य, नी वर्ज्य, पाच सुरांत सगळं. राग नाही म्हणा, चाल वेगळी, पुढे इतर सूर येतातच, पण ती पहिली ओळ ऐकून हॉलमधल्या निम्म्या माना हलल्या, ज्यांनी हायडनला चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या त्यांच्याच.

दुसरा भाग संथ, उदास. पहिली बाई सुंदर वाजवत होती, नंतर तीच धून चेलोकडे गेली, ते सगळं छानच. पण मी ऐकत होतो चष्मेवाल्याला. त्याच्याकडे खाली-वर झुलणारी एक साधी आकृती, पाळण्यासारखी, संपतच नाही. आता कोणी म्हणेल यात काय विशेष. वाजवून बघा. इतका वेळ एकच झोका, आणि प्रत्येक झोका वरच्या धूनच्या त्या त्या शब्दाला लागून, कुठं भरलेला, कुठं अर्धा रिकामा. एका जागी पहिल्या बाईनं आवाज इतका कमी केला की आता सूर तुटणार असं वाटलं, आणि यानं झोका त्याच्याही खाली नेला, म्हणजे तिच्या त्या मरत्या सुराला पण जागा शिल्लक राहिली. मला घशात काहीतरी झालं. सहा वर्षं शिकून मला एकदाही वाटलं नव्हतं की हळू वाजवणं ही दुसऱ्याला दिलेली वस्तू असू शकते.

शेवटचा भाग आगगाडी. ड्वोर्झाकला रेल्वेचं भयंकर वेड होतं आणि या भागात लोकांना गाडीचा ठेका ऐकू येतो, मला पण आला. नागपूरकराला गाडीचं काय कौतुक, डायमंड क्रॉसिंगवाले आपण (चारी दिशांच्या रेल्वेलाइनी एकमेकींना छेदतात ती जागा), पण खरंच, पूर्ण स्पीडमध्ये चार डबे आणि एकाही जोडात धक्का नाही. इथं मामांची दहाही बोटं गुडघ्यावर चालू होती आणि या वेळी काकूंनी वळून पाहिलं नाही, त्यांचा पाय चालू होता.

टाळ्या खूप. मग एक जास्तीचं वाजवलं, बोरोदिन या रशियन संगीतकाराच्या दुसऱ्या क्वार्टेटमधलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीचं संथ संगीत, चेलोनं सुरू होणारं, गोड, थोडं जास्तच गोड माझ्या चवीला, गुलाबजामवर रबडी. पण वाजवलं छान. पूर्ण संध्याकाळीत खटकलं म्हणाल तर हायडनच्या पहिल्या भागात पहिल्या बाईचे दोन वरचे सूर किंचित चढले, आणि शोस्ताकोविचचा तिसरा भाग मला थोडा घाईत वाटला, त्यातला तो वाकडा वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचा नाच) अजून वाकडा चालला असता. बस.

तर जायचं का? जा, पुढच्या वेळी असलं काही नागपुरात आलं तर डोळे मिटून ३०० काय ६०० द्या. पण दहाव्या रांगेच्या पुढंच बसा, डाव्या बाजूला बसलात तर दोन्ही व्हायोलिन समोर येतात, आणि अर्धा तास उशिरा पोचलात तरी चालतं, भाषणंच असतात. पार्किंगचे २० रुपये सुटे ठेवा. हॉलला दोन स्टार, त्यातला एक सांबारवडीचा.

बाहेर आलो तर ते चौघं व्हॅनजवळ उभे होते, चेलोवाली एका खांद्यावर केस आणि हातात तो नारळ. चष्मेवाला चहा पीत होता. मामा सरळ त्याच्यासमोर गेले, इंग्लिश येत नाही, त्याला मराठी येत नाही, यांनी तोंडानं फक्त टुक टुक टुक केलं, त्यातला एक टुक लांबवला, आणि बोट त्याच्या छातीला लावलं. तो माणूस इतका हसला की चहा सांडला.

घरी येताना गाडीवर मागून विचारतात, "यांच्यात बिदागी कशी असते बे? त्या हिरव्या बाईले जास्त असंन."

म्हटलं नाही मामा, क्वार्टेटवाले बहुतेक चौघांत सारखी वाटून घेतात.

व्हेरायटी चौकाच्या सिग्नलपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या मंडळातल्या गायकाले कधी आनशील का असल्या प्रोग्रामले?"